भरला पगार, रिकामे काम

चतुर्थीच्या सुट्टीत गावी आलेला एक तरुण परवा आमच्या भेटीस आला होता. अभियांत्रिकीची पदवी घेऊन तो आठ वर्षांपूर्वी बंगळूरला गेला. तेथील एका परदेशी कंपनीच्या कचेरीत त्याला आज दरमहा जो पगार मिळतो, तेवढा त्याच्या वडिलांना माध्यमिक शाळेत तीस वर्षे गणित शिकवूनही निवृत्तीच्या वेळी मिळत नव्हता. घरी आनंद आहे, वाड्यावर मान आहे. ‘तुझे काम काय असते रे?’ असे आम्ही सहज विचारले. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, ‘काका, खरे सांगू? दर सोमवारी एक अहवाल पाठवायचा असतो. चाळीसएक पानांचा. चार ठिकाणांहून आकडे गोळा करायचे, त्यांचे तक्ते करायचे, तक्त्यांना रंग द्यायचे. गेल्या पावसाळ्यात तापाने आडवा झालो होतो, तेव्हा आधीच्या आठवड्याचाच अहवाल तारीख बदलून पाठवला. पुढच्या सोमवारीही तोच. कुणाच्या लक्षात आले नाही.’ हे सांगताना तो हसला खरा, पण लगेच विषय बदलून त्याने गावच्या रस्त्याची चौकशी सुरू केली.

ही व्यथा त्याच्या एकट्याची नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये मानववंशशास्त्र शिकविणारे अमेरिकन प्राध्यापक डेव्हिड ग्रेबर यांनी २०१३ साली एका लहानशा ब्रिटिश नियतकालिकात या विषयावर निबंध लिहिला होता. त्याच्या मथळ्यातला इंग्रजी शब्द या स्तंभात छापण्याजोगा नाही. ‘निरर्थक नोकऱ्या’ असा त्याचा सभ्य अर्थ घ्यावा. जी नोकरी उद्या नाहीशी झाली तरी जगाचे काही बिघडणार नाही असे ती करणाऱ्यालाच मनातून वाटते, आणि तरीही ती अत्यावश्यक असल्याचा आव ज्याला रोज आणावा लागतो, त्या माणसाविषयी ग्रेबर बोलत होते. त्यांचा रोख झाडूवाल्यावर नव्हता. सल्लागार, व्यवस्थापकांवरचे व्यवस्थापक, जनसंपर्क अधिकारी, कंपन्यांचे वकील अशा भरल्या पगाराच्या मंडळींवर होता. निबंध इतका गाजला की २०१५ मध्ये यूगव्ह या लोकमत अजमावणाऱ्या संस्थेने ब्रिटनमधील नोकरदारांना सरळच विचारले: तुमच्या कामाने जगात काही अर्थपूर्ण भर पडते काय? शेकडा ३७ जणांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. ग्रेबर यांनी २०१८ साली याच विषयावर सबंध पुस्तक लिहिले; २०२० च्या सप्टेंबरात ते वारले.

हा आकडा पुढे वादग्रस्त ठरला, आणि वाचकांपासून ते लपविण्याचे कारण नाही. युरोपातील कामगारांच्या एका मोठ्या पाहणीवरून ब्रिटिश संशोधकांनी २०२१ मध्ये दाखविले की, आपण उपयोगाचे काम करतो असे क्वचितच किंवा कधीच वाटत नाही असे सांगणारे २०१५ साली शेकडा पाचांहूनही कमी होते आणि दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ते प्रमाण घटलेच होते. दोन डच अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा आपले काम समाजाला निरुपयोगी आहे असे मानणारे शेकडा ८ निघाले. उलट अमेरिकेविषयी २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण शेकडा १९ भरले, आणि वित्तव्यवहार व विक्री या क्षेत्रांतील माणसे इतरांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात तसे म्हणतात असे दिसले. प्रश्न कसा विचारला, यावर उत्तर फिरते. पण शेकडा आठ म्हणजेही दर बारा-तेरा नोकरदारांमागे एक होतो. इतकी माणसे दररोज सकाळी स्नान करून, डबा घेऊन, ज्याचा उपयोग त्यांना स्वतःलाच पटत नाही अशा कामाला निघतात, एवढी गोष्ट विचार करावयास पुरेशी आहे.

सरकारी कचेरीत असे चालते हे आपण धरूनच चालतो. परंतु आपला हा तरुण सरकारी नोकर नाही. नफ्यासाठी चालणारी कंपनी कवडी-कवडीचा हिशेब ठेवते, तिला निरुपयोगी माणूस पोसणे परवडत नाही आणि पोसलाच तर स्पर्धेत ती बुडते, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठात सांगितलेले असते. मग ही कंपनी त्याला एवढा पगार का देते? येथेच त्या शास्त्राचे घोडे पेंड खाते.

उत्तराचा एक धागा असा की, मालकाला उपयोग आणि समाजाला उपयोग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील एक उदाहरण घेऊ. शिकागो येथे वायद्यांचा मोठा बाजार आहे. शेअरबाजार न्यूयॉर्कच्या आसपास आहे. एका ठिकाणचा भाव दुसऱ्या ठिकाणी इतरांहून निमिषभर आधी कळला, तर त्या निमिषात पैसा करता येतो. म्हणून २०१० साली एका कंपनीने सुमारे ३० कोटी डॉलर खर्चून, वाटेतले डोंगर फोडून, शक्य तितकी सरळ अशी ८२७ मैलांची केबल या दोन ठिकाणांमध्ये घातली. संदेशाच्या जाण्यायेण्याचा वेळ तीनएक मिलिसेकंदांनी घटून तेरांवर आला. माणसाच्या पापणीची एक उघडझाप व्हावयास याच्या कितीतरी पट वेळ लागतो. एका दलालाने ही केबल वापरली की दुसऱ्याला वापरणे भाग पडते. सगळ्यांनी वापरली की कुणाचीच आघाडी उरत नाही. पुढे काही वर्षांतच हवेतून संदेश नेणारे मनोरे उभे राहिले आणि ती केबलही मागे पडली. या खटाटोपात गुंतलेल्या गणितज्ञांना आणि अभियंत्यांना त्या देशातले उत्तमांतले उत्तम पगार मिळाले. ज्याने त्यांना नेमले त्याचा व्यवहार चोख होता. पण त्या तीन मिलिसेकंदांनी शिकागोच्या परिसरात मक्याचे एक कणीसही अधिक पिकले नाही.

असेच चित्र लहान प्रमाणावर आपल्या न्यायालयांच्या आवारात दिसते. बांधाच्या भांडणात एकाने वकील दिला की दुसऱ्याला द्यावाच लागतो. दोघांचाही पैसा जातो आणि बांध आहे तेथेच राहतो. म्हणून वकील निरुपयोगी असे नव्हे. परंतु एकमेकांना निष्प्रभ करण्यासाठीच नेमलेली माणसे दोन्ही बाजूंनी वाढत गेली, तर ज्याच्या त्याच्या धन्याला ती हवीच असतात आणि सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर बाकी शून्य उरते. त्या माणसांना हे कळते. धन्याच्या ताळेबंदात ते दिसत नाही.

मग हा पैसा येतो कोठून? अर्थशास्त्रात त्याला एक नाव आहे, आणि गोव्याच्या वाचकाला ते शिकवावे लागू नये: खंड. भाटकार शेतात उतरत नव्हता, तरवा लावीत नव्हता. जमीन त्याच्या नावे होती म्हणून कुळाच्या पिकातला वाटा त्याच्या कोठारात जाई. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी तो खंड निदान कायद्यापुरता संपविला. पण खंड केवळ जमिनीचाच असतो असे नाही. परवान्याचा खंड असतो, मक्तेदारीचा असतो, मोक्याच्या नाक्यावर बसण्याचा असतो, आणि लोकांच्या बचतीचा ओघ जेथून वाहतो त्याच्या काठावर उभे राहण्याचाही असतो. जेथे असा खंड साचतो तेथे तो राखावयास, मोजावयास आणि त्याचे समर्थन करावयास माणसे लागतात. भाटकाराच्या पदरी मुकादम आणि कारकून असत. वाड्यावर चार माणसे उगाच उभी असली की भाटकाराचा रुबाब वाढे. आजच्या बड्या कंपनीतही ज्याच्या हाताखाली तीस माणसे आहेत तो दहा माणसांच्या साहेबाहून मोठा गणला जातो, आणि त्या तिसांना काम द्यावे लागते म्हणून सोमवारचे अहवाल जन्मास येतात. आमच्या तरुण मित्राचा पगार हा त्याच्या अहवालाचा मोबदला आहे असे मानले तर तो कोड्यात टाकतो. तो कुठल्यातरी दूरच्या खंडातला एक वाटा आहे असे मानले, की कोडे उरत नाही.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इतिहासकाराने १९५५ मध्ये ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकात अर्ध्या थट्टेने जे आकडे मांडले, ते येथे आठवतात. ब्रिटिश आरमाराची सेवेत असलेली बडी लढाऊ जहाजे १९१४ साली ६२ होती, ती १९२८ साली २० उरली. आरमारातले अधिकारी आणि खलाशी १,४६,००० वरून १,००,००० वर आले. याच काळात नौदल खात्याच्या कचेरीतले अधिकारी मात्र २,००० होते त्यांचे ३,५६९ झाले. वसाहत खात्याचे तर विचारूच नका. १९३५ साली तेथे ३७२ माणसे होती. साम्राज्याला गळती लागली आणि १९५४ साली ती १,६६१ झाली. पार्किन्सनसाहेबांनी हे सरकारी खात्यांविषयी लिहिले. खाजगी कंपन्यांत असे होणे शक्य नाही या समजुतीवर आपण नंतरची कित्येक दशके काढली.

खंडाची आणखी एक खोड आहे. तो मिळविण्यासाठीही खर्च करावा लागतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ॲन क्रूगर यांनी १९७४ साली या विषयावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात एक उदाहरण आपल्याच देशाचे होते. परवान्यांच्या राज्यात १९६४ साली भारतातील अशा खंडाचे मोल राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ७.३ इतके असावे असा त्यांचा अंदाज होता. आणि तो पदरात पाडून घेण्यासाठी लोक जो पैसा, वेळ व बुद्धी वेचतात तीही देशाची निव्वळ हानी होय, असे त्यांचे म्हणणे होते. २०१५ साली उत्तर प्रदेशात शिपायांच्या ३६८ जागांसाठी सुमारे २३ लाख अर्ज आले. पाचवी पास आणि सायकल चालविता येणे एवढीच पात्रता असताना अर्जदारांत २५५ जण डॉक्टरेट मिळविलेले होते. गोव्यात २०२४ च्या अखेरीस काय उघडकीस आले ते वाचकांना सांगावयास नको. सरकारी नोकरी लावून देतो असे सांगून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी एकामागून एक नोंदल्या गेल्या, कित्येकांना अटक झाली. लुबाडणाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण दागिने गहाण टाकून पैसे देणारी माणसे काय विकत घेत होती, याचा विचार फारसा झाला नाही. आम्ही वाचलेल्या बातम्यांत खाते होते, पद होते, रक्कम होती. त्या पदावर बसून काय काम करावयाचे, हे कुणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. ते काम निरर्थक होते असे आमचे म्हणणे नाही. कदाचित फार मोलाचे असेल. ते कसे आहे याने कुणालाच काही फरक पडत नव्हता, एवढेच आम्ही नोंदवितो.

दुसऱ्या टोकाकडे पाहावे. २०२० च्या २५ मार्चपासून देश टाळेबंद झाला, तेव्हा कोणावाचून चालणार नाही याची एक यादीच सरकारला काढावी लागली. दवाखाने, औषधे, पाणी, वीज, दूध, भाजी, मासळी, धान्य, साफसफाई. (वृत्तपत्रेही त्या यादीत होती; पण त्याचा आम्ही गर्व करू नये, कारण कित्येक वाचकांनी त्या दिवसांत अंक दारातूनच परत पाठविला.) त्या यादीतल्या माणसांना मिळते काय? शेजारच्या महाराष्ट्र-कर्नाटकातील आशा सेविका दारोदार फिरल्या, आणि २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. त्यांना सरकार कर्मचारी मानत नाही, स्वयंसेविका मानते. नित्याच्या कामांसाठी केंद्राकडून मिळणारा त्यांचा मासिक मोबदला २०१८ साली एक हजाराचा दोन हजार झाला आणि २०२५ मध्ये साडेतीन हजारांवर नेण्यात आला. राज्ये आपापल्या परीने त्यात भर घालतात. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने २००९ साली असा हिशेब मांडला होता की, इस्पितळातील सफाई कामगार स्वतःला मिळणाऱ्या दर पौंडामागे समाजाला दहाहून अधिक पौंडांचे मोल देतो, आणि बड्यांचा कर चुकविण्याची वाट शोधणारा करसल्लागार दर पौंडामागे ४७ पौंडांचे नुकसान करतो. या हिशेबाच्या रीतीवर वाद घालता येईल, दिशेवर घालणे कठीण आहे.

एक गोष्ट मात्र ग्रेबर यांच्या मांडणीत बसत नाही आणि ती आम्हांला फार अस्वस्थ करते. वर ज्या ब्रिटिश संशोधकांचा उल्लेख केला, त्यांच्या अभ्यासात आपले काम उपयोगाचे नाही असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण कचरा उचलणाऱ्यांमध्ये शेकडा दहाच्या जवळपास, म्हणजे सरासरीच्या दुप्पट निघाले. ज्याने आठ दिवस दांडी मारली तर शहर सडेल, त्या माणसालाच आपण निरुपयोगी आहोत असे वाटावे! त्या संशोधकांचा निष्कर्ष असा की, वरिष्ठ माणसाला कसे वागवितात, त्याला स्वतःच्या बुद्धीने काम करू देतात की नाही, यावर ही भावना पुष्कळशी अवलंबून असते. म्हणजे एकाला पैसा मिळतो पण काम पोकळ, दुसऱ्याचे काम भरीव पण त्याला कुणी माणसात घेत नाही. आपल्याकडे त्यात जातीची भर आहे. आणि मग माड पाडावयास पाडेली मिळत नाही, सुईण-परिचारिका परदेशी जातात, ट्रॉलरवर परप्रांतीय खलाशी आले नाहीत तर बंदरात मासळी येत नाही, अशी तक्रार आपणच एकमेकांपाशी करतो.

जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३० साली असे भाकीत केले होते की शंभर वर्षांत यंत्रे इतकी पुढे जातील की माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. ती शंभर वर्षे २०३० मध्ये भरतील. यंत्रे केन्सच्या कल्पनेहून पुढे गेली. तास मात्र तेथवर उतरले नाहीत, कारण पिकाचा वाटा मिळविण्यासाठी माणसापाशी पद असलेच पाहिजे, ही अट आपण सोडलेली नाही. काम संपले तरी पद हवे, म्हणून पदासाठी काम निर्माण करावे लागते.

ही कीड उपयोगाच्या कामांतही शिरली आहे. या तरुणाच्या वडिलांनी आम्हांला सांगितले की नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वह्या तपासण्यापेक्षा तक्ते भरण्यात त्यांचा अधिक वेळ गेला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा म्हणतो की जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकाला शिक्षणबाह्य काम देऊ नये. तक्ते भरणे हे शिक्षणबाह्य नसून शिक्षणविषयकच आहे, असा त्यातून मार्ग काढण्यात येतो.

निरर्थक नोकऱ्या एका फटक्यात काढून टाका, असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. त्या पगारावर गावाकडची घरे उभी आहेत. सुरुवात आपल्या हातातले आहे तेथून करता येईल. राज्य सरकारने आपल्या प्रत्येक खात्याला विचारावे: खालून जे तक्ते आणि अहवाल तुम्ही मागविता, ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याचे पद सांगा आणि गेल्या वर्षात त्यावरून घेतलेला एक निर्णय दाखवा. जेथे उत्तर येणार नाही तो तक्ता त्या दिवशी बंद व्हावा. पुढच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने एवढा एकच प्रश्न लावून धरला, तरी शेकडो शिक्षकांना आणि परिचारिकांना आठवड्याचे काही तास परत मिळतील. दुसरे, तासिका तत्त्वावर शिकविणारे शिक्षक आणि कंत्राटी सफाई कामगार यांची वेतने वाढविताना पैसा नाही हे कारण पुढे येते. खंडावर कर बसविण्याची वेळ येते तेव्हा मात्र गुंतवणूकदार पळून जातील हे कारण येते. ही दोन्ही कारणे एकाच तोंडून येतात, तेव्हा ती शेजारी-शेजारी ठेवून तपासली पाहिजेत.

त्या तरुणाला आम्ही नोकरी सोडण्याचा सल्ला दिला नाही. गणित शिकवावे असे त्याच्या मनात कधीपासून आहे. लहानपणी तो वडिलांच्या शिकवणीतली मुले सांभाळीत असे. तासावारी जे मिळेल त्यात घराच्या कर्जाचा हप्ता भागणार नाही, हे त्याने हिशेब करून पाहिले आहे. आणि तीस वर्षे गणित शिकविलेल्या वडिलांनीच त्याला ‘नको’ म्हणून सांगितले आहे. विसर्जनानंतर तो रात्रीच्या बसने बंगळूरला परतला. सोमवारचा अहवाल त्याने येथूनच, दोन दिवस आधी, तयार करून ठेवला होता.